कोठार भरलेलं, घर उपाशी

९ जानेवारी

धाकटे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण आळस नाही, उंदीर आहेत. तू लिहिलं होतंस, ‘दादा, तू नेमकं काय करतोस ते सासूबाईंना सांगता येत नाही, म्हणून मी नुसतं संशोधन असं सांगते आणि विषय बदलते.’ सख्ख्या बहिणीला विषय बदलावा लागतो, हे मनाला लागलं. म्हणून आज सविस्तर लिहितो. हातातली लाल पेन्सिल मात्र खाली ठेव. दिवसभर लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतेस म्हणून भावाचं पत्रही तपासायचं, असा काही नियम नाही.

आमच्या इमारतीत एक लांबलचक खोली आहे. तिला खिडकी नाही. आत जायचं तर चपला बाहेर, अंगावर निळा झगा, डोक्यावर टोपी, नाकातोंडावर पट्टी. एवढा नटून मी कोणाच्या लग्नातही गेलेलो नाही. आत फळ्यांवर पारदर्शक पिंजरे ओळीनं मांडलेले. त्यांतली डावीकडची मांडणी माझी. तिथल्या उंदरांचा एक जनुक बिघडलेला आहे, म्हणजे आम्हीच तो बिघडवला आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर हजारो पानांच्या ग्रंथात एका शब्दातलं एक अक्षर मुद्दाम गाळलं, आणि मग बसून पाहिलं की पुढे अर्थाचा कुठे कुठे अनर्थ होतो.

अनर्थ दोन जागी होतो. एक म्हणजे पिल्लाची वाढ खुंटते. भावंडं हाताच्या मधल्या बोटाएवढी झाली तरी हे करंगळीएवढंच. आणि दुसरा अनर्थ पहिल्याच्या अगदी उलट: एवढ्याशा अंगात यकृत मात्र वाढत राहतं. सगळा देह खुजा आणि एकच अवयव अवाढव्य.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. जेवल्यावर रक्तात साखर येते. यकृत तिच्यातली जास्तीची साखर कोठारात धान्य भरावं तशी भरून ठेवतं आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात थोडी थोडी बाहेर सोडतं. माझ्या उंदरांच्या कोठारात माल आत घ्यायचं दार नीट चालतं, बाहेर काढायच्या दाराची कडी मात्र निघत नाही. रोज पोती आत पडतात, बाहेर मूठभरही येत नाही. कोठार फुगत जातं आणि घर उपाशी राहतं. किती साधी, किती सुंदर गोष्ट आहे, पाहा.

परवाच्या बैठकीत संचालकांनी विचारलं, “या उंदरांचा माणसाला उपयोग काय?” मी मुळापासून सांगायला घेतलं. जनुकापासून निघालो, पेशीत शिरलो, यकृतात पोचलो. माणसापर्यंत पोचायच्या आत बैठक संपली.

बाहुलीला खूप खूप लाड. तिचा फोटो माझ्या टेबलावर उभा आहे. ते गोबरे गाल आणि तो पोटाचा नगारा पाहिला की वाटतं, माझ्या उंदरांना असं बाळसं आलं असतं तर मी सुखानं निवृत्त झालो असतो.

दादा

१७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र सासूबाईंना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे उंदीर पाळतो. मग तसं सांगायला काय झालं होतं?”

मला मात्र कोठार आवडलं. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत इतकं सरळ कोणी लिहिलं तर माझं काम निम्मं होईल.

आता घरचं. बाहुलीला चौथं वर्ष चालू आहे. बालवाडीत उंचीप्रमाणे रांग लावतात, त्यात ती पहिली असते. म्हणजे पुढून पहिली. दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक लांबीला अजून बरोबर येतो, पोटावरचं बटण मात्र लागत नाही. येणारे-जाणारे गाल ओढून म्हणतात, काय गुटगुटीत आहे, नुसती बाहुली. आता तिचं खरं नाव विचारलं तर ती स्वतःच ‘बाहुली’ म्हणून सांगते.

तक्रार एकच आहे आणि ती सासूबाईंबद्दल आहे, म्हणून हे पान त्यांना वाचून दाखवणार नाही. बाहुली रात्री दोनदा उठते आणि खायला मागते. सासूबाई तिच्या शेजारी झोपतात. उशाशी बिस्किटांचा डबा, थर्मासमध्ये दूध. मागितलं की हजर. हे फिरतीवरून आले की म्हणतात, “अंधारात हे काय कुरतडतंय? आपल्या घरात मुलगी आहे की उंदीर?” दातांच्या डॉक्टरांनी दोन किडलेले दात दाखवून सांगितलं, की रात्रीचं खाणं बंद करा, नाहीतर आणखी किडतील. सासूबाईंनी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन मला म्हणाल्या, “दात पडून पुन्हा येतात. भूक लागलेली पोर पुन्हा येते का?”

सकाळी उठायला उशीर झाला तर दूध पोटात जाईपर्यंत बाहुली कोणाशी बोलत नाही, एवढी चिडकी होते. लाडानं होतंय, हे मला दिसतं. पण माझं सासूबाई ऐकत नाहीत आणि डॉक्टरांचंही नाही. तुझ्या अक्षराला मात्र त्या मानतात. काय योग्य आणि का योग्य, ते तू तुझ्या पद्धतीनं लिही. मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

धाकटी

२५ जानेवारी

धाकटे,

तू मला सल्ला विचारलास, याचा आनंद झाला. आपल्या घरात शास्त्राला विचारायची पद्धत नव्हती. निदान तू ती सुरू केलीस.

प्रश्न सोपा आहे. शरीराला लय हवी असते. दिवसा खाणं, रात्री विश्रांती, हा क्रम लहानपणीच लागला तर आयुष्यभर टिकतो. रात्र ही पोटाची सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी कारकुनाला कामावर बोलावलं तर तो बिघडतो, तसं पोटाचंही आहे. मूल रात्री उठतं ते भुकेनं नाही, सवयीनं. आणि सवय म्हणजे लाडावलेला पाहुणा: रोज पाट मांडला तर तो रोज येणार. म्हणून डबा आणि थर्मास खोलीतून हलवा. रडेल, रडू दे. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात येईल की रात्री काही मिळत नाही, आणि ती उठणं सोडेल. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, माया असावी, पण तिला वेळापत्रक असावं.

आता माझ्याकडची बातमी, आणि ती वाईट आहे. पिंजरे सांभाळायला नवा माणूस आला आहे. सकाळी रक्त तपासायचं असलं की आदल्या संध्याकाळी उंदरांचं खाणं काढून घेतात, अशी सगळीकडे पद्धत आहे. धडधाकट उंदीर रात्रभर उपाशी राहिला तर फार तर चिडतो. या सद्गृहस्थानं माझ्या मांडणीवरचंही खाणं काढलं. सकाळी झगा चढवून आत गेलो तर काही उंदीर कुशीवर पडलेले, अंग गार, लव घामेजल्यासारखी ओली. दोघांना माझ्यासमोर आचके आले. साखरेचं पाणी तोंडात सोडलं, ते उठून बसले. बाकीच्यांच्या बाबतीत तेवढाही वेळ मिळाला नाही.

कारण तुला आता ठाऊकच आहे. ज्याच्या कोठाराचं दार उघडत नाही, त्याला एक रात्रसुद्धा फार मोठी असते. आता मी माझ्या प्रत्येक पिंजऱ्यावर लाल कार्ड लावलं आहे: ‘यांचं खाणं कधीही काढू नये.’ इतकी उघड गोष्ट लिहून लावावी लागते, याचंच आश्चर्य वाटतं. पण माणसं डोळे उघडे ठेवून पाहतात कुठे?

आणखी एक मौज. या पिल्लांचे आईबाप अगदी ठणठणीत असतात. प्रत्येकाकडे त्या शब्दाच्या दोन प्रती, एक चुकलेली आणि एक बरोबर. बरोबर प्रतीवर त्यांचं आयुष्य सुखात जातं. दोघांकडूनही चुकलेलीच प्रत आली तरच पिल्लू असं निपजतं. आईबापांकडे बघून कोणाला काही सांगता येत नाही.

बाहुली रडली तर मन घट्ट कर. पहिले काही दिवसच अवघड असतात.

दादा

८ फेब्रुवारी

दादा,

तुझी आज्ञा अमलात आली. पत्राची पहिली दोन पानं सासूबाईंना वाचून दाखवली. पुढे उंदीर सुरू झाले तशी त्यांना डुलकी लागली, म्हणून उरलेलं मी एकटीनं चहा पिता पिता वाचलं. बिचाऱ्यांचं फार वाईट वाटलं. त्या नव्या माणसाला चांगलं सुनावलंस ना?

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं डबा उचलून वरच्या कपाटात ठेवला. म्हणाल्या, “एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हणजे खरं असेल.” त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पहिल्या रात्री बाहुली खूप रडली. दुसऱ्या रात्री त्याहून जास्त. मग कमी होत गेलं, आणि आता रडत नाही. तू म्हणालास तसंच झालं. फक्त सकाळी तिला उठवावं लागतं. आधी स्वतः उठायची, आता हलवलं तरी डोळे उघडायला वेळ लागतो. उशी घामानं ओली असते. फ्रॉक घालताना मान टाकते. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, डबा खाईपर्यंत ही भिंतीकडे बघत बसते आणि खाल्लं की एकदम बोलायला लागते, जणू कोणी कळ फिरवली. सासूबाई हे ऐकून माझ्याकडे बघतात आणि काही म्हणत नाहीत. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ही सवय लागायचीच लक्षणं, असं समजू ना?

आणि हो, यकृत मोठं झालंय, हे उंदीर न कापता कसं कळतं? तुझ्या उंदरांची चौकशी केली नाही तर तू रुसतोस, म्हणून विचारून ठेवते.

धाकटी

१६ फेब्रुवारी

धाकटे,

बाहुलीचं उत्तम चाललं आहे. घाम येतो म्हणजे पांघरूण जाड असणार, पातळ घाल. सकाळची सुस्ती आपल्या घराण्यातच आहे. मी स्वतः दहापर्यंत माणसांत नसतो, हे माझे सहकारी शपथेवर सांगतील.

तुझा प्रश्न मात्र फार उत्तम आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात विचारला नाही तो तू विचारलास. न कापता कळतं, आणि हातानंच कळतं. उंदराच्या मानेमागची सैल कातडी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची. उजव्या हाताचं बोट पोटाच्या खालच्या बाजूला अलगद टेकवायचं आणि सावकाश फासळ्यांकडे वर न्यायचं. घाई करायची नाही, दाबायचं नाही. श्वास आत घेतला की यकृत किंचित खाली येतं, त्या क्षणाची वाट पाहायची. धडधाकट उंदरात बोट सरळ फासळीपर्यंत जातं, मध्ये काही लागत नाही. माझ्या उंदरात ते वाटेतच अडतं. एक कड लागते, मऊ पण ठाम, पुठ्ठ्याच्या वहीच्या झिजलेल्या कोपऱ्यासारखी. एकदा ती बोटाला कळली की आयुष्यभर विसरत नाही. मी डोळे मिटूनही सांगू शकतो.

दुसरी खूण वजनाची. या पिल्लांचं नुसतं वजन पाहून चालत नाही. वजन फारसं कमी भरत नाही, आणि माणूस फसतो: बरं चाललंय असं वाटतं. पण लांबी मोजली की उघडं पडतं. वजन वाढतं ते यकृताचं असतं, पिल्लाचं नाही.

संचालकांनी माझी मांडणी बंद करायचं ठरवत आणलं आहे. म्हणाले, उपयोग एका पानात लिहून द्या. मी एकोणिसाव्या पानावर आहे. माणसांतही अशी मुलं जन्मतात, हे पुस्तकात आहेच, पण इतकी विरळ, की मी स्वतः एकही पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर ठामपणे लिहिणं माझ्या शिस्तीत बसत नाही. म्हणून तो भाग सोडून बाकी सगळं लिहितो आहे.

दादा

३ मार्च

दादा,

फोन करणार होते. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात निदान मला माझं वाक्य पूर्ण करता येतं.

हे मी रुग्णालयातून लिहिते आहे. बाहुली आता बरी आहे, ते आधी सांगते. सोमवारी सकाळी ती उठली नाही. हलवलं, हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. अंग गार आणि ओलं होतं. मग हातपाय आचके द्यायला लागले. हे घरी होते म्हणून बरं. त्यांनी तिला तशीच उचलली. इथे तिच्या रक्तातली साखर तपासली, तर ती इतकी कमी निघाली की यंत्र बिघडलंय असं वाटून त्यांनी दुसऱ्या यंत्रावर तपासली. हाताला नळी लावून साखर सोडली. आमच्यासमोर तिनं डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं. सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि रडल्या.

डॉक्टरांनी पोट तपासलं आणि म्हणाले, “लिव्हर बरंच मोठं लागतंय. कारण अजून कळत नाही.” तेव्हा मी यांना घरी पाठवून तुझी सगळी पत्रं मागवून घेतली आणि माझी पेन्सिल. तू खाली ठेवायला सांगितलेली.

मुद्रितात काही खटकलं की आम्ही समासात ‘लेखकास विचारणे’ असं लिहितो. तसं विचारते.

पंचवीस जानेवारीच्या पत्रात दुसऱ्या पानावर: ‘रात्र ही पोटाची सुट्टी असते.’ त्याच पत्रात चौथ्या पानावर: ‘एक रात्रसुद्धा फार मोठी असते.’ दोन्ही विधानं एकाच लेखकाची आहेत का? असल्यास कोणतं ठेवायचं? लेखकास विचारणे.

त्याच पत्रात उंदरांची लव ओली आहे. माझ्या आठ तारखेच्या पत्रात उशी ओली आहे. लेखकानं सोळा तारखेला ‘पांघरूण पातळ घाल’ असं उत्तर दिलं आहे. उंदरांची पांघरुणंही जाड होती का?

सोळा तारखेच्या पत्रात बोट वर न्यायची रीत आहे. वर्णन स्वच्छ आहे, एका शब्दाची दुरुस्ती लागत नाही. काल बाहुली झोपलेली असताना तसं केलं. घाई केली नाही, दाबलं नाही, श्वासाची वाट पाहिली. दादा, माझं बोट फासळीपर्यंत गेलंच नाही. बेंबीपाशीच अडलं. वहीचा कोपरा.

त्याच पत्रात ‘मी स्वतः एकही पाहिलेलं नाही’ असं विधान आहे. तिचा फोटो तुझ्या टेबलावर आहे. दुरुस्ती करावी.

आता एक शंका माझ्याच नावावर. चौथं पान मीही वाचलं होतं. चहा पिता पिता वाचलं, उंदरांची कीव केली आणि पान उलटलं. त्याच रात्री शेजारच्या खोलीत ती उपाशी झोपली. दुसऱ्याच्या पुस्तकात पन्नास पानांच्या अंतरावरची विसंगती मला सापडते, त्याचा मला पगार मिळतो. पण दादानं लिहिलंय म्हणजे तपासायचं काय, असं वाटलं.

डॉक्टरांना मी सांगितलं, मला वाटतं कारण मला ठाऊक आहे. ते म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, नाही, माझा भाऊ उंदीर पाळतो.

धाकटी

६ मार्च

धाकटे,

सगळ्या दुरुस्त्या मान्य. चौथं पान ठेवावं. दुसरं पान काढून टाकावं.

पत्र हातात पडल्याबरोबर तुमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला दोनदा मध्येच थांबवून हवं ते विचारून घेतलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला आहे. पक्का निकाल यायचा आहे, पण त्यांना आणि मला आता फारशी शंका उरलेली नाही. दार तेच, कडी तीच. बाहुलीच्या बाबतीत ती थोडी ढिली असावी, म्हणून ती इतके दिवस निभावली. तेवढंच कारण नाही. दुसरं कारण सासूबाईंचा डबा. त्या पोरीचं बंद कोठार त्यांनी तीन वर्षं रोज रात्री बाहेरून चालवलं, आणि मी पत्र लिहून ते बंद पाडलं.

डॉक्टर म्हणाले, “तिचा चेहरा पाहूनच संशय यायला हवा होता. पुस्तकात याला बाहुलीसारखा चेहरा असंच म्हटलंय.” मी ते पुस्तक तीन वेळा वाचलं आहे.

उपाय आहे. दिवसा ठरलेल्या अंतरानं खाणं, आणि रात्री कच्चं कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं पांढरं पीठ, पाण्यात कालवून. ते शिजवायचं नाही, गरम पाण्यातही घालायचं नाही, कारण शिजलं की साखर एकदम सुटते आणि कच्चं राहिलं तर सावकाश. म्हणजे असं समज की पोटात एक दुसरं छोटं कोठार मांडायचं, ज्याचं दार

हे वाक्य अर्धं सोडतो. तुला आता प्रमाण आणि वेळ हवी आहे, आणि ती तुमचे डॉक्टर ठरवतील.

संचालकांकडे रजा मागायला गेलो. त्यांनी विचारलं, उंदरांना सोडून कधी कुठे गेला नाहीत, आता इतकी लांब रजा कशाला? मी म्हटलं, माझ्या भाचीला माझ्या उंदरांचा आजार आहे. त्यांनी अर्जावर सही केली. मग म्हणाले, “हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, बैठकीच्या वेळी मला ठाऊक नव्हतं. फोटो तेव्हाही टेबलावर होता, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. मांडणीचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला आहे.

गुरुवारी येतो. रात्रीची पाळी माझी. तू झोप.

दादा

२ एप्रिल

दादा,

तू गेल्यावर घर एकदम शांत झालं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुझं दोन रंगांचं वेळापत्रक आहे, त्याखाली तुझा वजनाचा काटा. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दाखवतात. तू त्यांना दोन वाट्या आणि चार शेंगदाणे घेऊन आईबापांच्या दोन प्रतींचं समजावलंस, ते त्यांनी फार मनावर घेतलं आहे. परवा शेजारीण म्हणाली, सुनेच्या माहेरून आलं असेल. तर ताडकन म्हणाल्या, “निम्मं आमच्याकडचं आहे. एकट्या त्यांच्यानं झालं नसतं.” बिस्किटांच्या डब्यात आता पिठाचं पाकीट आहे. आणि त्या माझ्याशी बोलतात. मी विचारलं नाही तरी बोलतात.

सवय झाली आहे. रात्री उठायची तिची नाही, आमची. कधी सासूबाई, कधी मी, हे असले की हे. बाहुली डोळे मिटूनच पिते. सकाळी आपणहून उठते आणि लगेच भांडायला लागते. पांढऱ्या पाण्याला वैतागली आहे, पण पिते. निकाल आला, तो तुझ्या आणि डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणेच. बरं होण्याचा आजार नाही, सांभाळण्याचा आहे, असं ते म्हणाले. वाढ हळूहळू धरेल. मी रोज मोजायचं नाही असं ठरवलं आहे, आणि रोज मोजते.

तुझी पहिली रात्र आठवते का? हातात पेला घेऊन तू उभा, आणि ती गादीवर बसलेली. तू सांगायला सुरुवात केलीस की पीठ तळाशी बसतं म्हणून ढवळायचं, आणि ते पोटात गेल्यावर काय होतं, आणि कोठाराचं दार काय असतं. सांगता सांगता पेला तुझ्याच हातात राहिला. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, “मामा, आधी दे. मग सांग.” सासूबाई पांघरुणात तोंड खुपसून हसल्या. मला म्हणाल्या, “बघ, अख्ख्या बैठकीला जे जमलं नाही ते हिनं केलं.” त्यानंतर तू रोज आधी दिलंस आणि मग सांगितलंस. ती पिऊन झाल्यावर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. किती कळायचं देव जाणे.

काल माझी पाळी होती. मी पेला दिला, तिनं गटागट संपवला. मला वाटलं, आता आडवी होईल. पण ती रिकामा पेला धरून बसून राहिली.

म्हणाली, “आता सांग.”

मी म्हटलं, “काय सांगू?”

“दाराचं.”

मी प्रयत्न केला. कोठार सांगितलं, पोती सांगितली. ती म्हणाली, “असं नाही. तू मधलं मधलं सोडतेस.” मी म्हटलं, सगळं मामालाच येतं आणि मामा त्याच्या गावी गेला. तिनं पेला माझ्या हातात दिला, पांघरूण ओढून घेतलं आणि म्हणाली, “मग त्याला लिहायला सांग.”

म्हणून लिहिते आहे. मुळापासून लिही, मधलं काही सोडू नकोस. लांबलं तरी चालेल.

धाकटी